टाचेखालचे दोन मिलिमीटर

जुनी गिटार घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. ‘तारा फार वर आल्यात हो, बोटं सोलवटतात. जरा खाली करून द्या.’ आणि माझ्याआधी कुणीतरी त्या खाली करून दिलेल्याच असतात. आधी सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासलेली असते, सॅडल संपल्यावर शिसवी ब्रिजच उतरवलेला असतो. हे काम तासाभरात होतं, पैसे कमी लागतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. माझ्या मते जुन्या गिटारीवर याच्याइतका वाईट उपचार दुसरा नाही. ब्रिजची जाडी गेली की वाद्याचा आवाजही बारीक होतो, आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

दुखणं खोक्यात असतं. स्टीलच्या सहा तारा मिळून 70 किलोंहून अधिक जोराने ओढतात आणि तो ताण पेलायला वर स्प्रूसची जेमतेम 3 मिलिमीटरची फळी. ब्रिजमागे फळी फुगते, तोंडाशी किंचित खचते आणि आतला नेक ब्लॉक वर्षानुवर्षं तसूतसूने पुढे कलतो. ‘ट्रस रॉड फिरवून बघा ना,’ असं हल्ली सगळेच सुचवतात. रॉडने नेकचा बाक निघतो, ती खोक्याला ज्या कोनात जोडलीय तो कोन बदलत नाही. त्यासाठी नेक काढून, टाचेचं लाकूड तासून, ती मागे कलवूनच पुन्हा बसवावी लागते. शिवाय मार्टिन कंपनीने फिरवता येणारा रॉड घातला तोच 1985मध्ये.

पन्नाशीच्या दशकातली एक मार्टिन डी-18 माझ्याकडे आली, तिचाच हिशेब सांगतो. बाराव्या फ्रेटवर जाड तार 4 मिलिमीटर वर होती. मला हवी होती अडीचवर. तिथे दीड उतरवायचं तर सॅडलपाशी दुप्पट, म्हणजे 3 उतरवावं लागतं, आणि सॅडल उरलं होतं 1. वर ते 4 तरी दिसायला हवं, नाहीतर तारा त्यावर नीट दाबून बसत नाहीत. म्हणजे एकूण फरक 6चा. नेक खोक्याला मिळते त्या चौदाव्या फ्रेटपासून सॅडल साधारण 287 मिलिमीटर आणि नेकची टाच 90 मिलिमीटर खोल. त्रैराशिक मांडलं की टाचेच्या तळाशी काढायचं लाकूड निघतं 2 मिलिमीटरांहूनही कमी, तेही वर फिंगरबोर्डकडे शून्यावर येणारं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

हा हिशेब मी पावसाळ्यात कधीच करत नाही. मुंबईच्या जुलैत फळी ओल पिऊन फुगते, तारा वर येतात आणि धडधाकट गिटारही आजारी दिसते. अशी गिटार मी आधी बंद खोलीत, 45 ते 50 टक्के आर्द्रतेत, काही आठवडे नुसती ठेवून देतो. काहींचं दुखणं तेवढ्यानेच जातं. मग गिऱ्हाइकाकडून काय घ्यायचं, हा प्रश्न उरतो.

नेक काढताना खरी भीती पॉलिशची. फिंगरबोर्डचा खोक्यावरचा भाग गरम करून पातळ सुरीने सोडवायचा, पंधरावी फ्रेट उपटायची, तिच्या खाचेतून बारीक भोक पाडून डव्हटेलच्या, म्हणजे नेक आणि खोक्याच्या खाचेच्या सांध्याच्या, पोकळीत वाफेची सुई घालायची. वाफेला माझ्याकडे जुना प्रेशर कुकर आहे, शिट्टीच्या जागी रबरी नळी लावलेला. जुना सरस साठेक अंशांवर ओलाव्यासकट मऊ पडतो. पण वाफ वर आली की नायट्रो लॅकर पांढरं पडतं, म्हणून एक हात सतत फडक्यावर. सरसाचा उग्र वास सुटला की समजायचं, सांधा ऐकायला लागला. ज्यांनी आधी इपॉक्सी ओतून ठेवलेलं असतं त्यांच्या गिटारींत हा वास येतच नाही. मग जे करावं लागतं ते लिहिण्याजोगं नाही.

‘पण मग ती ओरिजिनल राहील का?’ हे प्रत्येक जण विचारतो. स्ट्रॅडिव्हारीच्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनींच्या नेक पुढच्या कारागिरांनी काढून, लांबवून, मागे कलवून बसवल्या आहेत. त्यांची किंमत काही उतरली नाही. मार्टिनवाल्यांनी सरसाने डव्हटेल जोडला, तो पुन्हा उघडता येतो. टेलर कंपनीने 1999पासून बोल्ट आणि मापाच्या पातळ पट्ट्यांवर नेक बसवायला सुरुवात केली. तिथे हे काम चहा निवेपर्यंत होतं. माझा धंदा बुडवणारी गोष्ट असली तरी रचना त्यांचीच शहाणपणाची.

उघडल्यावर वेळ जातो तो बसवण्यात. टाचेच्या गालांना आतून पटाशीने पोकळ करायचं, म्हणजे फक्त कडा खोक्याला टेकतात. मग कडा आणि खोकं यांच्यामध्ये पॉलिश पेपरची पट्टी धरून ओढायची, पुन्हा लावून बघायचं. डाव्या गालावर एक ओढ जास्त झाली की नेक बाजूला वळते आणि बारीक तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरू लागते. कोन जमला की डव्हटेल सैल झालेला असतो; त्याला महोगनीच्या चकत्या लावून, खडू फासून, कुठे घासतंय ते पाहत घट्ट करायचा. सरस न लावताही नेक हलता कामा नये. सांधा धरून ठेवतं ते लाकूड. सरस फक्त उरलेली फट भरतो.

फिंगरबोर्डच्या शेपटाखाली मग पाचर घालावी लागते, कारण नेक मागे कलली की शेपूट वर उचललं जातं.

तारा चढवल्यावर मी गिटार लगेच देत नाही. पूर्ण ताणात आठवडाभर ठेवतो. त्यात तार थोडी वर येतेच, म्हणून नवं हाडाचं सॅडल आधी मुद्दाम उंच ठेवलेलं असतं आणि शेवटचं घासणं आठवड्यानंतर. आवाज मोकळा झाल्याचं बरेच जण सांगतात. तारांचा सॅडलवरचा दाब वाढलेला असतो, तेव्हा ते खरंही असेल. नव्या तारांचाही त्यात वाटा असतो, हे मी बिलाबरोबरच सांगून टाकतो.