दोन पौंडांचे अंतर

‘बोली’ या शब्दाचे दोन अर्थ आपण जाणता. एक भाषेच्या अभ्यासातला, दुसरा लिलावातला. पहिल्या अर्थाच्या अभ्यासात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. दुसऱ्याची समज मात्र मला एका रात्री हरल्यावर आली.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती माझ्या आजोबांकडे होती. १९६१ साली पानशेत धरण फुटले, पुण्यातल्या आमच्या नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरले आणि कोशाची पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली. मी नंतर जन्मले. ती वीट मला केवळ ऐकून ठाऊक. कोशाचे पुनर्मुद्रण माझ्या मेजावर आहे, त्यातला शब्द संगणकावरही शोधता येतो. म्हणजे गरज अशी काही नव्हती. तरीही एका परदेशी लिलाव-संकेतस्थळावर त्या आवृत्तीची प्रत दिसली आणि आठवडाभर माझे दुसऱ्या कशात लक्ष लागेना.

तिथली रीत अशी, की आपण आपली कमाल रक्कम सांगून ठेवायची. यंत्र ती कोणाला दाखवत नाही. इतरांच्या एक पायरी वर राहण्यापुरतीच बोली आपल्या वतीने वाढवत जाते. मी ९० पौंड लिहिले. मुदत ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडला संपणार होती. आकडा ४६ वर स्थिर होता. अखेरचे पाच-सहा सेकंद उरले असताना तो एकदम ९२ झाला. मी नवी रक्कम लिहायला घेतली, तोवर लिलाव संपला होता.

दोन पौंडांनी गेला! ही चडफड मी कित्येक दिवस ज्याला त्याला ऐकवत होते.

या डावाला इंग्रजीत ‘स्नायपिंग’ म्हणतात. दबा धरून नेम साधणे. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. ईबेवर लिलाव ठरलेल्या क्षणी संपे. अॅमेझॉनच्या त्या काळच्या लिलावात अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली, तर मुदत पुढे सरके. अखेरच्या क्षणाच्या बोली ईबेवर कितीतरी अधिक आढळल्या, आणि त्याही अनुभवी लोकांच्या. म्हणजे दबा धरणे हा माणसाच्या स्वभावाहून नियमाचा परिणाम अधिक. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत बोली चाले. ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो, हे हेरून नेमकी अखेरची बोली लावणाऱ्या एका चतुर माणसाची नोंद सॅम्युअल पेपिसने १६६२ च्या दैनंदिनीत केली आहे.

आपल्याकडचा लिलाव (हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला) तुमच्यापैकी अनेकांनी बाजार समितीच्या आवारात पाहिला असेल. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असा पुकारा होतो, तेव्हा लिलाव घड्याळ संपवत नाही, शांतता संपवते. कोणीही बोलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिथे दबा धरून बसण्यात फारसा लाभ नाही. (स्वाध्याय अखेरच्या दिवशी पाठवणाऱ्यांनी यातून कसलेही समर्थन शोधू नये.)

पण माझी खरी चूक निराळीच होती. विजेत्याला मोजावी लागते ती रक्कम त्याच्या मनातली नसते. ती असते दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाची कमाल रक्कम आणि वर एक पायरी. ९२ म्हणजे माझेच ९०, अधिक दोन. त्या अनोळखी माणसाची मर्यादा ९५ असेल किंवा ३००, यंत्र ते सांगत नाही. दोन पौंडांचे अंतर मुळात नव्हतेच. तो आकडा त्याच्याविषयी काहीच बोलत नव्हता, माझ्याविषयी मात्र बोलत होता: मी ‘कमाल’ म्हणून लिहिलेली रक्कम माझी कमाल नव्हती. अवधी मिळता, तर मी १२० म्हटले असते, मग १५०. दबा धरणारा हिरावून घेतो तो नेमका हा दुसरा विचार.

भाषेची अभ्यासक असून मला हे आधी कळायला हवे होते. मंडईत आपण ‘शेवटचे काय ते सांगा’ म्हणतो आणि सांगितलेला आकडा शेवटचा नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते. मी यंत्राशी मंडईची भाषा बोलत होते. यंत्राने शब्दशः अर्थ घेतला.

दोन वर्षांनी आणखी एक प्रत आली. या वेळी दिवसाउजेडी, वहीत, स्वतःला दोनदा विचारून आकडा लिहिला: १६०. तो भरला मात्र अखेरचे आठ सेकंद उरले असताना. प्रत मला ७४ पौंडांना मिळाली. थोडे अपराधी वाटले, हे कबूल करते. ७२ लिहून कोणीतरी कुठेतरी जागे बसले असेल. अंतर दोन पौंडांचे नव्हते, एवढे तरी त्याला कळवावेसे वाटले. पण यंत्रात तशी सोय नव्हती.