मैदानाकडेची वही

बाप्तिस्मा, पहिला कम्युनियन, लग्न आणि अंत्यविधी या चार खांबांवर वसईतल्या फोटो स्टुडिओचा डोलारा उभा असतो, हे वाचकांना सांगायला नको. या चारही प्रसंगी माणसे छायाचित्रकाराला आपण होऊन बोलावतात, थोडीफार आगाऊ रक्कम हातावर ठेवतात आणि कॅमेरा समोर आला की पदर, टाय सावरून सरळ उभी राहतात. आम्ही उभयता पती-पत्नींनी १९९३ सालापासून एक पाचवा खांब रोवण्याची खटपट चालविली आहे. तिच्यात यांपैकी काहीच नाही. मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे काढायची आणि ती त्यांच्या आईवडिलांना विकायची, असा हा उद्योग. बोलावणे नाही, आगाऊ रक्कम नाही, आणि ज्याचे चित्र काढायचे तो एक क्षणभरही स्थिर उभा राहत नाही!

पावसाळा सरून मैदाने वाळली की आमचा हंगाम सुरू होतो. शाळाशाळांचे सामने, धर्मग्रामांच्या युवकांचे फुटबॉल आणि व्हॉलीबॉल, मुलींचा थ्रोबॉल, कबड्डी, आणि वर्षअखेरीस चिमाजी अप्पा मैदानावरचा तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव. नाताळच्या दिवसांत लोक करंज्या तळत असतात तेव्हा आम्ही बहुधा कुठल्यातरी गोलपोस्टच्या मागे मांडी घालून बसलेले असतो. आमच्यापैकी एकाच्या हाती कॅमेरा आणि दुसरीच्या हाती वही, अशी ही कामाची वाटणी पहिल्या वर्षीच ठरली आणि ती मोडण्याचा प्रसंग आला नाही. वहीत संघाचे नाव, जर्सीचा क्रमांक, मुलाचे नाव आणि त्यापुढे रोलमधील चित्राचा क्रमांक लिहायचा. हे काम कॅमेऱ्याहून अवघड आहे. चिखलाने माखलेला ७ हा आकडा पन्नास पावलांवरून १ सारखा दिसतो, आणि एकाच्या आईला दुसऱ्याचे चित्र दाखविले की पुढच्या रविवारी ती आपल्या टेबलाकडे फिरकत नाही.

त्या काळी यंत्र सारे हाताने चालवावयाचे. धावत्या मुलामागे भिंग फिरवीत बसले तर चित्र धूसर येणारच. म्हणून आम्ही आधी जागा निवडीत असू. गोलपोस्टपासून पाच-सहा पावलांवरचा एखादा टक्कल पडलेला तुकडा हेरायचा, भिंग तेथे जुळवून ठेवायचे आणि खेळ आपल्यापर्यंत येईल याची वाट पाहायची. ताशी ७२ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सेकंदाच्या पाचशेव्या भागात ४ सेंटिमीटर सरकतो. साठाव्या भागात तोच ३३ सेंटिमीटर जातो आणि चित्रात चेंडूच्या जागी एक पांढरी शेपटी उमटते. सायंकाळी पाचनंतर उजेड उतरू लागला की पाचशेव्या भागावर काम भागत नसे, आणि अंतिम सामना तर नेमका पाचनंतरच! पाहुणे वेळेवर आले असते तर आमची कितीतरी चित्रे सुधारली असती. व्हॉलीबॉलमध्ये उंच उडणाऱ्या खेळाडूकडे पाहायचे नसते. त्याला चेंडू उचलून देणाऱ्याच्या बोटांकडे पाहायचे. तेथून चेंडू सुटला की एक श्वास मोजायचा आणि बटण दाबायचे. कॅमेरा शक्य तो मुलांच्या कमरेच्या उंचीला ठेवायचा, हे तर आम्ही कोणालाही सांगू. उभे राहून वरून काढलेल्या चित्रात दहा वर्षांचा पोर आहे त्याहून लहान दिसतो. गुडघे टेकून काढले की त्याच्यामागे आभाळ येते.

हिशेबही वाचकांपुढे मांडण्यास हरकत नाही. ३६ चित्रांचा रोल आम्हांला ९५ रुपयांस पडे आणि धुण्याचे १५. निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून त्यातील १५ चित्रे निवडायची. प्रत्येक प्रिंटला ४ रुपयांप्रमाणे ६० रुपये. म्हणजे एकूण १७०. पुढच्या रविवारी मैदानाच्या कडेला टेबल मांडून १५ रुपयांना एक याप्रमाणे १२ प्रिंट खपल्या तर १८० रुपये हाती येत. नफा दहा रुपये आणि तीन शिल्लक चित्रे. चित्र न दाखविता विकता येत नाही आणि छापल्याविना दाखविता येत नाही, या चरकात सगळा धंदा सापडलेला. न खपलेल्या चित्रांनी आमच्या घरी बुटांचे किती खोके भरले, ते मोजण्याचे आम्ही टाळतो.

काय खपते, हे शिकण्यास आम्हांला दोन हंगाम लागले. आम्हांला वाटे, गोल होतानाचे चित्र सर्वांत आधी उचलले जाईल. तसे झाले नाही. चेंडू आहे पण चेहरा नाही, ते चित्र वृत्तपत्रवाल्याच्या उपयोगाचे. चेहरा आहे पण चेंडू नाही, ते आई घेते. बापांची तऱ्हा आणखी निराळी. चित्रात आपल्या मुलाने प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलेले असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. पुष्कळ माता दोन प्रती मागत. वहीत अशा नावांपुढे ‘परदेश’ असा शेरा असे. कुवेत, दुबई, बहारीन, नाही तर जहाजावर. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात असताना बाप दोन-दोन वर्षे घरी नसे. आमच्या टेबलावरच, आमचेच पेन मागून, चित्राच्या मागे दोन ओळी लिहिल्या जात: उंची किती झाली, दात पुढे आलेत ते काढावे लागतील की काय, सामना जिंकला. त्या दुसऱ्या प्रतीचे आम्ही १२ रुपये घेत असू. फुकट देणे परवडणारे नव्हते, आणि पूर्ण दाम लावणे आमच्यातील वही सांभाळणारीला रुचत नसे.

याच वहीमुळे एक नियम आमच्या अंगवळणी पडला. संघाच्या यादीत ज्याचे नाव आहे त्या प्रत्येकाचे निदान एक चित्र काढायचे. मग तो खेळो वा न खेळो, त्याच्या घरचे विकत घेण्याजोगे असोत वा नसोत. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. ज्या कर्णधाराचा बाप हौशी त्याच्यावर अर्धा रोल खर्च करावा आणि राखीव बाकावरच्यांकडे पाठ फिरवावी, हे शहाणपण आम्हांला अनेकांनी शिकविले. पण १९९६ सालच्या एका स्पर्धेत जे घडले त्यानंतर त्या शहाणपणाचा मोह आम्हांला उरला नाही.

बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा तीन सामने राखीव बाकावर बसून होता. मध्यंतरात पाण्याची कळशी फिरवी, सुटलेल्या नाड्या बांधून देई, आणि आपला संघ पुढे सरसावला की उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडे. तसा ओरडतानाच तो आमच्या कॅमेऱ्यात सापडला. पुढच्या रविवारी त्याची आई टेबलाशी आली. ही बाई फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणारी. मुलाचा एकही सामना तिने पाहिलेला नव्हता. म्हणाली, “बाय, माझ्या पोराचा खेळतानाचा फोटो दाखवा. रोज सांगतो, आज दोन गोल मारले म्हणून.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. टेबलावर त्याचे एकच चित्र होते आणि त्यात बाकाची कड स्पष्ट दिसत होती. चित्र चांगले आलेले नाही असे सांगून तिला परत पाठविता आले असते. तसे करण्याचा विचार आमच्या मनात आलाही. तेवढ्यात तिनेच ते चित्र उचलले, पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाली, “जर्सी मीच धुते ना बाय. ती मळलेली नसते, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.” मग थोडे थांबून, “हाच द्या. पण त्याला सांगू नका मी काय बोलले ते.” कनवटीचे दहा रुपये तिने दिले, उरलेले पाच पुढच्या रविवारी आणून दिले. मुलगा त्या मोसमात शेवटपर्यंत खेळला नाही. घरी त्याने पुढेही गोल मारणे चालू ठेवले की नाही, ते आम्ही विचारले नाही.

चित्र कितीला विकायचे याहून ते कोणाला विकायचे हा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि तो मोबाइलच्या फार पूर्वीचा आहे. व्हॉलीबॉलच्या मुलींचे सामने सुरू झाल्यावर एके दिवशी एक अनोळखी तरुण टेबलाशी आला आणि एकाच मुलीची चारही चित्रे उचलून साठ रुपये पुढे करू लागला. “तू तिचा कोण?” असे विचारताच तो गडबडला. “काका, पैसे देतोय ना?” असे म्हणू लागला. तिच्या आईला घेऊन ये, असे आम्ही त्याला सांगितले. तो परत आला नाही. त्या दिवसापासून टेबलावर पाटी लागली: चित्रे फक्त पालकांना व प्रशिक्षकांना मिळतील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, निराळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. आपण होऊन काढलेल्याचा छायाचित्रकाराकडे राहतो. म्हणजे ती चित्रे कायद्याने आमचीच. परंतु चेहरा त्या मुलीचा होता, आणि कागदावरच्या हक्काने तो चेहरा परक्याच्या खिशात घालण्याचा अधिकार आम्हांला मिळतो असे आम्हांला कधी वाटले नाही.

२००५ साली आम्ही डिजिटल कॅमेरा घेतला आणि रोलचा हिशेब एका दिवसात कालबाह्य झाला. १२ च्या ठिकाणी २ प्रिंट खपल्या तरी नुकसान नाही. मात्र एका सामन्याची पाचशे-सहाशे चित्रे चाळताना रात्रीचे दोन वाजू लागले. पुढे प्रत्येक बापाच्या खिशात कॅमेरा आला. टेबलावर मांडलेल्या प्रिंटचाच मोबाइलने फोटो काढून, “छान आलाय हो,” असे आमचे कौतुक करून निघून जाणारे पालकही आम्ही पाहिले. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण हसून साजरे करण्याइतका मोठेपणाही आमच्याकडे नाही. १९९० च्या दशकात मोसमाला जी कमाई होई तिच्या निम्मीही आज रुपयाची घसरण धरता होत नाही.

तरीही ज्या कामावर आम्हांला पाणी सोडावे लागले ते निराळ्या कारणाने. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या आयोजकांनी संपूर्ण मोसमाचे काम ठरावीक रकमेवर देऊ केले. रक्कम चांगली होती. त्या वर्षी घराचे छप्पर बदलायचे होते. अट एकच. सारी चित्रे मुलामुलींच्या नावानिशी आणि शाळेनिशी फेसबुकवर सर्वांसाठी खुली ठेवायची. आम्ही नावे वगळण्याचा पर्याय सुचविला, पालकांची लेखी परवानगी घेण्याचा सुचविला. “जाहिरात तुमचीच होते, तुमचं काय जातं?” असे उत्तर मिळाले आणि काम दुसऱ्याकडे गेले. छप्पर त्या पावसाळ्यात ताडपत्रीवर निभावले. पुढे २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात, १८ वर्षांखालील मुलांची माहिती संगणकीय रूपात हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आली. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांना आमची पाटी ठाऊक असण्याचा संभव नाही, तरी बातमी वाचून आमच्या घरी त्या दिवशी गोड झाले.

आता आमच्यापैकी कॅमेरा धरणाऱ्याचे गुडघे टेकत नाहीत. प्लॅस्टिकचे एक बुटके स्टूल घेऊन बसावे लागते, आणि चेंडू अंगावर आला तर उठेपर्यंत तो लागून गेलेला असतो. गोलपोस्टमागची जागा सूनबाईंनी घेतली आहे. वही मात्र हस्तांतरित झालेली नाही. तिच्यात आता क्रमांकाशेजारी पालकांच्या सहीचा एक रकाना आहे, आणि यादीतले प्रत्येक नाव खोडले गेल्याखेरीज सूनबाईंना मैदान सोडता येत नाही. ‘परदेश’ हा शेरा अधूनमधून अजूनही येतो. फक्त हल्ली कॅनडा आणि न्यूझीलंड असते, आणि प्रत टपालाने जात नाही. काही पालक अजूनही कागदावरचेच चित्र मागतात, बहुधा आजीसाठी.

गेल्या मोसमातील तीन लिफाफे आमच्या कपाटात पडून आहेत. दोघांचे पत्ते मिळाले. तिसरा थ्रोबॉलच्या एका मुलीचा आहे. तिच्या घरच्यांनी भाड्याची खोली सोडली आणि फोन लागत नाही. तिच्या शाळेतील शिक्षिकेकडे आम्ही निरोप ठेवला आहे. सुटी संपली की आई येऊन घेऊन जाईल, असे त्या म्हणाल्या.