चाकांवरच्या घराची दुसरी बॅटरी

चला न्यूझीलंडला! ३७२४ मीटर उंच औराकी शिखराच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल नावाचा तळ आहे. लोक तिथे कॅम्पर व्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन मुक्कामाला येतात. २०१२ पासून हा परिसर अंधाऱ्या आकाशासाठी राखीव आहे. रात्री आकाशगंगा बघतच राहावी!

पण तळावर विजेची जोडणी नाही. मग दिवे, फ्रीज कशावर चालणार? घरासाठीच्या वेगळ्या बॅटरीवर. इंजिनाची बॅटरी वापरली, तर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही!

आता गणित करा. १०० ॲम्पिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर खराब होते. फ्रीज सरासरी २ ॲम्पिअर घेत असेल, तर ती चालेल २५ तास. एकच रात्र! तशीच दुसरी बॅटरी समांतर जोडली, म्हणजे धन टोकाला धन, ऋणाला ऋण, की ५० तास. व्होल्ट मात्र १२च. एकसर जोडल्या, तर व्होल्ट होतील २४ आणि दिवे जळतील! म्हणून हे काम जाणकारानेच करावं. बॅटऱ्याही एकाच जातीच्या, एकाच वयाच्या हव्यात.

सांगा पाहू, तीन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर फ्रीज किती तास चालेल?