पेटीची किल्ली

नशिराबादमध्ये काही लपत नाही. जळगावहून येणारी माझी बस उशिरा आली, की घरी पोचेपर्यंत तीन जणी विचारतात, "काबरं वं, आज उशीर?" ताईचं स्थळ का मोडलं, हेही गल्लीला आमच्याआधी कळलं होतं. त्यामुळे 'प्रायव्हसी' हा शब्द मला पुण्या-मुंबईच्या लोकांचाच वाटायचा.

बारावीनंतर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. "व्हॉट्सॲपवर टाक," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. आधार, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, सगळ्यांचे फोटो टाकले. प्रिंट निघेपर्यंत मी स्क्रीनकडे बघत होते. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अर्धं गाव पडलेलं. कुणाचं पॅनकार्ड, कुणाचा सातबारा, कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. मी काही बोलले नाही. पैसे दिले आणि निघाले.

चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून मेसेज सुरू झाले. त्याला माझं पूर्ण नाव माहीत होतं, जन्मतारीखही. माहिती त्या दुकानातूनच गेली का, ते मी आजही सांगू शकत नाही. माझे कागद तोवर कुठे कुठे पडले होते, ते मलाच माहीत नव्हतं.

घरी सांगितलं. आधी डीपी काढायला सांगितलं, मग सिम बदलायला. शेवटी मामा म्हणाला, "रोज कॉलेजला जायची काय गरज आहे?" मेसेजची वाटली नाही तेवढी भीती मला या वाक्याची वाटली. माहिती माझी फुटली होती आणि दारही माझंच बंद होणार होतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या खानदेशातच दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका आदिवासी महिलेला. तेव्हा तिचा बारा अंकी नंबर बातम्यांमध्ये सरळ छापून आला. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्याच वर्षी ट्रायचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकून, माझं नुकसान करून दाखवा, असं आव्हान दिलं. लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख शोधून समोर मांडली. ही माहिती आधारमधून फुटलेली नाही, असा खुलासा झाला. पण आधार देणाऱ्या यूआयडीएआयनेच मग लोकांना सांगितलं, की आपला नंबर असा जाहीर करू नका.

मी सिम बदललं नाही. स्क्रीनशॉट ठेवले, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, आणि कॉलेज एक दिवसही बुडवलं नाही. मेसेज हळूहळू थांबले.

गल्लीला माझं सगळं ठाऊक असतं, पण मलाही गल्लीचं ठाऊक असतं. कोण विचारतंय, ते समोर दिसतं. त्या फोल्डरचं तसं नाही. तो कोण उघडतो, ते मला कधीच कळणार नाही. आमची आजी शाळेत गेलेली नाही, पण कागदांच्या पेटीची किल्ली कायम तिच्या कमरेला असते. पेटीत काय आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी उघडताना तिला विचारावं लागतं. मला एवढंच हवं होतं.

परवा आजीच्या पेन्शनच्या कामासाठी पुन्हा दुकानात गेले. यूआयडीएआयच्या साइटवरून तिचं मास्क्ड आधार काढलं होतं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रिंट झाल्यावर म्हटलं, "दादा, आता फाइल डिलीट करा. रिसायकल बिनमधूनही."

"कोण बघतंय इथे?" तो हसला.

"मी बघतेय," म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले. दोन मिनिटं लागली.

मागे रांगेत एक शाळकरी मुलगी होती. तिने हळूच फोन पुढे केला. "ताई, ते चार आकड्यांचं कसं काढायचं?"