भिंतीच्या पोटात

जुन्या वाड्याची पाहणी करायला गेलो की घरमालक तडे दाखवतो. मी आधी भिंतीला कुठे पोट आलंय ते बघतो. ही नजर किल्लारीच्या भूकंपाने दिली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. तेव्हा हा भाग भूकंपप्रवणतेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्यात गेला.

इथली अडीच-तीन फुटी भिंत मुळात दोन भिंतींची असते. आतल्या-बाहेरच्या तोंडांचे दगड वेगळे रचायचे, मधे चिपा आणि माती भरायची. दोन्ही तोंडांना धरणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्याने आतली भर खाली बसते, तोंडं फाकतात, भिंत ढासळते. वर माळवद, म्हणजे लाकडावर पसरलेलं मातीचं सपाट छप्पर. गळतं म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढलेले. दोन फूट मातीचं वजन चौरस मीटरला टनाच्या घरात जातं. तरीही अनेक ठिकाणी भिंती पडल्या आणि लाकडी खांब-तुळयांचे खण उभे राहिले.

म्हणून डागडुजीची सुरुवात मी माळवद हलकं करण्यापासून करतो. घर तापेल ही मालकाची तक्रार रास्त असते. पातळ थर ठेवून त्याखाली पाणी अडवणारा कागद घालतो. मग खांब-तुळईच्या सांध्यांत तिरके आधार. शेवटी भिंत. साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड हलवून सैल करायचा, हातांनी काढायचा, आतली भर उकरून पलीकडच्या तोंडापर्यंत छोटं भोक न्यायचं. हातोडा चालवायचा नाही. भोकात दोन्ही टोकांना आकडे असलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. भोक तिरकं गेलं तरी चालतं.

भूकंपानंतर मराठवाड्याचा दगडावरचा विश्वास उडाला. तो राग मला समजतो, पण दोष बांधणीचा होता. वारसा जसाच्या तसा ठेवा म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही: माळवदाची वाढलेली माती आणि सुटी तोंडं जपून आपण धोकाच जपतो. ज्या वाड्यात माणसं झोपतात, तिथे नक्षीदार चौकटीआधी भिंतीची दोन तोंडं एकमेकांना बांधावीत. खर्चही त्याच क्रमाने करावा.