दुसरा गट कुठाय?

परवा ओळखीतलं एक पोरगं घरी आलं. लातूरला क्लासला असतं, सुट्टीत शिरूरला आलं होतं. मोबाइलवर अमेरिकेचं एक कॉमिक दाखवत म्हणलं, "काका, हे बघा. गुलाम उठतात अन् मालकांना कापतात. आपल्याकडं असं का नाही हो?"

कॉमिक होतं काइल बेकरचं 'नॅट टर्नर'. १८३१ साली व्हर्जिनिया राज्यात टर्नर नावाच्या गुलामानं बंड केलं, त्याची गोष्ट. शब्द कमी, चित्रंच बोलतात. आधी जहाजात कोंबलेली माणसं, चाबूक, विकली जाणारी लेकरं. मग कुऱ्हाडी.

खोटं कशाला बोलू? एवढं बघितल्यावर कुऱ्हाड उचलली गेली की वाचणाऱ्याला बरंच वाटतं. 'फँड्री'च्या शेवटी जब्याचा दगड पडद्यातून थेट आपल्या अंगावर येतो, तेव्हाही मला "बरं झालं" असंच वाटलं होतं.

पण बेकर तिथं थांबत नाही. त्या कुऱ्हाडीखाली पाळण्यातली लेकरंही मरतात, हे तो दाखवतो. बंडात पन्नासच्या वर गोरी माणसं मेली. त्यानंतर गोऱ्यांच्या झुंडींनी, बंडाशी काही संबंध नसलेल्या कितीतरी काळ्या माणसांना मारलं. टर्नर फासावर गेला. सूड घेतला एकानं, किंमत मोजली भलत्यांनीच.

हे सगळं मी त्याला काकाच्या थाटात समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं अन् मोबाइलमधला दुसरा फोटो काढला. जुन्या पेपरचं कात्रण. बातमी माझी होती.

'दोन गटांत हाणामारी, गावात तणावपूर्ण शांतता.'

जयंतीच्या मिरवणुकीवरून त्याच्या चुलत्याला मारलं होतं, त्याची ती बातमी. पोरगं म्हणलं, "काका, यात दुसरा गट कुठाय? मार तर आम्हीच खाल्ला होता."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हा मी ज्या पेपरला होतो तिथं असंच लिहायची पद्धत होती. वातावरण बिघडू नये म्हणून, असं आम्ही म्हणायचो. जाहिराती कोण देतं हेही डोक्यात असायचंच. पुढं केस उभी राहिली तेव्हा साक्षीदार फिरले. त्याची बातमी तर मी केलीच नाही.

अमेरिकेचं अन् आपलं या बाबतीतलं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्यामुळं आपल्या पोराला तिकडचं कॉमिक आपलं वाटलं, यात नवल नाही.

पण "आपल्याकडं असं का नाही" याचं एक उत्तर महाडमध्ये आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांच्या बाजूला लष्करात राहिलेले गडी होते. एक शब्द मिळाला असता तर महाड पेटलं असतं. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. हल्लेखोरांवर खटले झाले, शिक्षा झाल्या. तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात जिंकला तो १९३७ साली. दहा वर्षं! कॉमिकमध्ये ती दोन चौकटींत संपतात, माणसाला ती जगावी लागतात.

बाबासाहेबांवर 'भीमायन' नावाचं चित्रपुस्तक आहे, दुर्गाबाई व्याम अन् सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी काढलेलं. त्यात जातीचं विष ओकणाऱ्याच्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, सोसणाऱ्यांच्या बोलण्याला पाखराचा आकार. माझ्या त्या बातमीला त्यांनी काय काढलं असतं, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पोरगं कुऱ्हाडीच्या चित्राकडं का वळतं, हे आता मला कळतंय. त्या चित्रात मारणारा कोण अन् मार खाणारा कोण, हे लख्ख दिसतं. आमच्या बातमीत ते दिसत नाही. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात लिहिलंय की आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत निकाल लागावा. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा, किती दोन महिने जातात ते. निकाल लांबतो, साक्षीदार फिरतात, वर पेपरवाला 'दोन गट' लिहून मोकळा होतो. मग पोरानं सूडाचं पुस्तक खाली ठेवावं, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

तरी मी त्याला सांगितलं, स्टेटसला तलवार ठेवू नको, केस तुझ्यावरच होईल अन् वर्ष वाया जाईल. ते "हं" म्हणलं. पटलं असं वाटलं नाही.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. इथून पुढं जिथं एकानं मारलं अन् दुसऱ्यानं खाल्लं, तिथं 'दोन गट' हे शब्द लिहिणार नाही. अन् घटनेची बातमी केली की केसच्या तारखांचीही करणार. चुकलो तर इथंच खाली कान धरा.

तुमच्या गावात असं 'दोन गटांत' मिटवलेलं काही असेल, तर मला सांगा.