पडलात तरी परत याल अशी सोय

गंगेत मी पडलो त्या सकाळीला चाचा अजूनही माझं ‘माघस्नान’ म्हणतात. जानेवारी होता. सात वाजून गेले तरी धुकं इतकं दाट, की रामनगरचा एवढा मोठा किल्ला पाण्यावरून दिसत नव्हता. किल्ल्याच्या वरच्या अंगाला, काठापासून पन्नासेक हात आत, मी माझ्या प्लॅस्टिकच्या कयाकवर गळ टाकून बसलो होतो. गळ खाली कशात तरी अडकला. सोडवायला एका बाजूला वाकलो आणि कयाक उलटली.

मी मूळचा सांगलीचा. पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो आणि पुढं भोपळ्याशिवाय पुरातही उतरलो. त्यामुळे पाण्याची भीती अशी मला नव्हतीच. पण त्या दिवशी पाण्यात गेल्याबरोबर श्वास माझा राहिला नाही. छाती आपणहून भात्यासारखी हापसू लागली. पहिलाच श्वास मी पाण्याखाली घेतला असणार, कारण घशात पाणी होतं. कयाक हाताशी होती, पण वर चढायचं म्हणजे ती आधी सरळ करायला हवी, आणि थोड्या वेळात बोटांनी पकड सोडली. लाइफ जॅकेट होतं. ते सीटच्या मागे नीट बांधून ठेवलेलं होतं.

चाचा माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात. मल्लाह आहेत, साठी ओलांडलेली आहे. त्यांनी जाळं तसंच सोडून नाव वळवली आणि बखोटीला धरून मला आत ओढलं. त्यांच्या नावेत एक बोचकं कायम असतं. त्यात कोरडी लुंगी, स्वेटर आणि एक जुनं कांबळं. ते मला नेसवून, पांघरून त्यांनी काठाला आणलं. दुसऱ्याच्या लुंगीत घरी आलो. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “एक तर ती होडी विका, नाही तर पडलात तरी परत याल अशी काही तरी सोय करा.”

होडी विकणं मला जमणार नव्हतं. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीसाठी मी रामनगरला आलो, तेव्हा दोन-तीन वर्षांत बदली मागायची असं ठरवलं होतं. हिवाळ्यात पिंपांच्या पुलावरून पलीकडे जावं लागे. सामनेघाटचा पक्का पूल २०१७ मध्ये सुरू झाला, आणि तोवर बदलीचा विषय घरात निघेनासा झाला होता. त्याचं बरंचसं कारण या सकाळी आहेत. पलीकडे काशी जागी होत असते, तिच्या घंटा पाण्यावरून ऐकू येतात, अलीकडे कोणी नसतं. मध्येच सूंस, म्हणजे गंगेतला डॉल्फिन, फुस्स करून वर येतो आणि जातो. एखादं टेंगरा लागलं तर लागलं. तेव्हा सोय शोधणं आलं.

आधी माझं काय झालं होतं ते समजून घेतलं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं, हे शाळेतल्या विज्ञानाच्या जवळपासचं आहे. पण गारठून मरायला वेळ लागतो. त्याआधी माणूस वेगळ्याच कारणानं बुडतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यावर आयुष्यभर काम केलं. बर्फासारख्या पाण्यासाठी त्यांचा हिशेब एक, दहा, एक असा आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला एक तास. आमच्या गंगेत बर्फ नसतो. मी पुढच्या रविवारी थर्मामीटर बुडवून पाहिला, सोळा अंश भरलं. म्हणजे माझी मिनिटं जास्त होती. पण क्रम तोच: आधी श्वास, मग हात, मग बाकी सगळं.

हे वाचल्यावर घाटावरचे माघातले स्नान करणारे मला वेगळे दिसू लागले. म्हातारी माणसं कधी उडी मारत नाहीत. पायरीवर बसून आधी पाय भिजवतात, मग लोट्यानं डोक्यावर पाणी घेतात, मग साखळी धरून एकेक पायरी उतरतात आणि बुडी मारताना मोठ्यानं ‘हर हर गंगे’ म्हणतात. मोठ्यानं म्हणायचं तर श्वास बाहेर सोडावा लागतो. ही युक्ती कोणी ठरवून केली असेल असं नाही, पण मला त्या सकाळी ती उपयोगी पडली असती.

मग कपडे. पहिला विचार छातीपर्यंतच्या रबरी विजारीचा केला, जी घालून लोक उभ्या पाण्यात मासे धरतात. ती लगेच बाद केली, कारण पडल्यावर तिच्यात पाणी भरतं, आणि पाण्यानं जड झालेली विजार घालून होडीवर चढून दाखवावं कोणी. दुसरा पर्याय वेटसूट. स्पंजासारख्या निओप्रीनचा अंगाला घट्ट बसणारा सूट. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि तसंच राहतं. पाच-सहा हजारांत मिळतो आणि सोळा अंशांच्या पाण्याला खरं तर पुरेसा आहे. पोहायचं असतं तर मी तोच घेतला असता, आणि जो विचारतो त्याला मी आजही आधी तोच सांगतो. पण गळ टाकणारा माणूस पाण्यात नसतो, पाण्यावर असतो. सात अंशांच्या हवेत तीन तास हलायचं नाही, आणि वल्ह्यावरून निथळणारं पाणी मांडीवर पडत राहतं. ओला वेटसूट वाऱ्यावर वाळतो तो आपली ऊब घेऊनच. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी माझ्या पोटानं तो चढवू दिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

उरला ड्रायसूट. हा पायमोज्यांसकट एकसंध झबल्यासारखा असतो. गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सची पट्टी, कुकरच्या झाकणातल्या रिंगसारखं काम करणारी, आणि पाणी न शिरू देणारी एक जाडजूड चेन. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हा सूट ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतल्या कपड्यांची, आणि ते लोकरीचे किंवा फ्लीसचे हवेत. सुती बनियन घातलं तर घामानंच भिजून गार पडतो. तरीही मला तोच हवा होता, आणि किंमत पाहून मी लॅपटॉप मिटला. परदेशात चांगल्या, घाम बाहेर सोडणाऱ्या कापडाचा सूट हजार डॉलरच्या पुढे. स्वस्तातले त्याच्या निम्म्याला, वर पाठवणावळ आणि जकात. आपल्याकडे दुकानात जाऊन अंगावर घालून पाहावा असा मला एकही सापडला नाही. माझी अख्खी कयाक, वल्ह्यासकट, त्याहून कमी पैशांत आली होती.

महिनाभर मी आकडे जुळवले. मग ध्यानात आलं, की मी चुकीचा प्रश्न विचारतोय. ‘सगळ्यात स्वस्त कोणता’ याला अर्थ नव्हता. ‘बिघडल्यावर मला रामनगरात दुरुस्त करता येईल असा कोणता’ हा प्रश्न होता. सूट बिघडतो दोन जागी. लॅटेक्स ऊन, तेल आणि वयानं चिरतं. ती पट्टी बदलता येते. चेन गेली तर ती बदलायचा खर्च जुन्या सुटाइतकाच. तेव्हा जुना सूट घ्यायचा तर पट्टी फाटकी चालेल, चेन धडधाकट हवी. कापडाची परीक्षा अशी: बाही उलटी करून तिच्यात पाणी भरायचं आणि बाहेर कुठं पाझरतं ते पाहायचं. पूर्ण रबरी लेपाचं कापड स्वस्त पडतं, पण त्यात आतला घाम आतच राहतो. आणि समोर लघवीसाठी वेगळी चेन असलेला सूट घ्या. तरुणपणी ही चैन वाटेल, पुढं वाटणार नाही.

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये असतो. त्याला ही यादी कळवली. तिथं थंड समुद्रात कयाक चालवणारे पुष्कळ, आणि ते नवा सूट घेतला की जुना विकतात. त्यानं एक शोधला. गळ्याची पट्टी फाटलेली, डाव्या गुडघ्याला ठिगळ, चेन उत्तम. नवीन पट्टीसकट अठरा हजार पडले. सुटीला आला तेव्हा बॅगेतून घेऊन आला. बायकोनं तो दोरीवर टांगलेला पाहिला आणि म्हणाली, “हे घालून चंद्रावर जायचंय का?”

पट्टी चिकटवायचं काम मी घरी करणार होतो. पण रबर म्हटल्यावर आमच्या चौकातला पंक्चरवाला आठवला. त्यानं सूट उलटापालटा करून पाहिला, पट्टी ताणली, वास घेतला आणि म्हणाला, “ट्यूबच आहे की!” नंतर त्यानं जे केलं ते मी परदेशी पुस्तिकेत वाचलं होतं तेच होतं, फक्त हात जास्त सराईत होता. जुनं सोललं. दोन्ही बाजू कानशीनं खरखरीत केल्या. आत गोल आधार हवा म्हणून मी घरातलं पितळी पातेलं नेलं होतं. गळा त्याच्यावर चढवला. सोल्यूशन पातळ लावून तो चहा प्यायला गेला. बोटाला चिकटेनासं झाल्यावरच त्यानं पट्टी बसवली आणि दाबत दाबत गोल फिरला. मजुरी साठ रुपये सांगितली. मी दोनशे दिले तर त्यानं उरलेले परत केले, आणि टिकलं तर मिठाई आणा म्हणाला.

नवी पट्टी फार घट्ट असते. रात्रभर ती त्याच पातेल्यावर ताणून ठेवली. मग कात्रीनं एकेक कडं कापत गेलो. एकदम कापली की सैल होते आणि पुन्हा जोडता येत नाही. मान वळवताना जाणवावी पण डोळ्यांपुढं अंधारी येऊ नये, इतपत. चढवताना टाल्कम पावडर लावायची, चेनच्या दातांना मेण. पाण्यात जाण्याआधी उकिडवं बसून, गळ्यापाशी बोट घालून आतली हवा काढून टाकायची, नाही तर पडल्यावर ती पायांत जमते आणि पाय वर येतात.

पहिली परीक्षा फेब्रुवारीत, भर दुपारी, कमरेइतक्या पाण्यात. चाचा नाव बांधून काठावर बसले होते, त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू बरोबर. या वेळी जॅकेट सुटावर, छातीशी आवळलेलं. मी मागे पडलो. तोंडाला पाणी लागलं तेव्हा श्वास एकदाच अडखळला, मग माझा माझ्याकडं राहिला. दहा मिनिटं होतो. चार वेळा कयाक उलटवली आणि चार वेळा वर चढलो. बाहेर येऊन चेन उघडली. डाव्या मनगटाशी थोडी ओल, बाकी खडखडीत कोरडा. चाचांनी आत हात घालून स्वेटर चाचपला आणि किंमत विचारली. सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “इतने में तो नाव की पूरी पेंदी बदल जाती.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी तिथं हौसेसाठी जातो, ते पोटासाठी. माझ्या अंगावर अठरा हजार, त्यांच्या अंगावर स्वेटर आणि गमछा. पण त्यांच्याकडं सोय नाही असं नव्हतं, हे मला हळूहळू दिसलं. ते एकटे कधी जात नाहीत. हाक पोचेल इतक्या अंतरावर दुसरी नाव असते. कोरड्या कपड्यांचं बोचकं असतं. उभं राहून जाळं टाकताना एक पाय नेहमी दोरात असतो. एकटा जात होतो तो मी. सूट मिनिटं विकत देतो, पण ती मिनिटं संपायच्या आत कोणी तरी यावं लागतं. त्यानंतर मी चाचांची नाव दिसत राहील इतक्याच लांब जातो आणि निघताना सांगून निघतो.

मी त्यांना एक लाइफ जॅकेट आणून दिलं. चौदाशे रुपयांचं, सुटाच्या आधी खरं तर हेच घ्यायचं असतं. जाळं फेकताना खांद्याला आडवं येतं म्हणाले आणि बसायला घेतलं. महिनाभर ते त्यावर बसत होते. मी काही बोललो नाही.

मार्चच्या सुरुवातीला, एका धुकटलेल्या सकाळी, त्यांची नाव जवळ आली. पुढं नातू बसला होता, आणि जॅकेट त्याच्या अंगावर होतं. गुडघ्यापर्यंत आलेलं. इतकं मोठं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर दिसलं, की चाचांनी गमछा त्याच्या दोन पायांमधून घेऊन पुढं-मागं जॅकेटला गाठ मारली होती. महागड्या जॅकेटांना तिथं शिवलेला पट्टा असतो.

पुढच्या रविवारी लहान मापाचं जॅकेट घेतलं. अकराशेला. या सगळ्या खरेदीत घासाघीस न करता घेतलेली तेवढी एकच वस्तू.